ड्रिल लावण्याआधी

"आमच्या गावाला गोठ्यावर हाच अ‍ॅस्बेस्टॉसचा पत्रा आहे. चाळीस वर्षं झाली, कुणाला काही झालं नाही. आजोबा त्याच पत्र्याखाली बसून विडी ओढत नव्वदीला पोचले. मग इथलेच लोक एवढा बाऊ का करतात, दादा?"

इंग्लंडमध्ये, मँचेस्टरजवळच्या बोल्टनला नवं घर घेतलेल्या एका मुलाचा हा प्रश्न. नवं त्याच्यापुरतं, घर १९३० च्या दशकातलं, आणि सत्तरच्या दशकात कुणीतरी त्याची डागडुजी केलेली. त्याला स्वयंपाकघराची भिंत पाडून जागा मोठी करायची होती, मागचं गॅरेज उतरवायचं होतं. बिल्डर आला, सगळीकडे नजर टाकली आणि अ‍ॅस्बेस्टॉसचा सर्व्हे झाल्याशिवाय हातोडी उचलणार नाही म्हणून निघून गेला. मी मँचेस्टर, रॉचडेल, ओल्डम, स्टॉकपोर्ट या भागातल्या जुन्या इमारतींचे हेच सर्व्हे करतो, हे त्याला कुणाकडून तरी कळलं.

त्याचा प्रश्न रास्त आहे. मराठी ओळखीतल्या निदान निम्म्या लोकांनी तो मला या ना त्या शब्दांत विचारलाय. एका वाक्यात उत्तर देता येत नाही म्हणून हा लेख.

अ‍ॅस्बेस्टॉस हा खाणीतून निघणारा दगड, पण त्याची जात वेगळी. घायपात ठेचून वाख काढताना पाहिलाय? पान उभं चिरत जातं, एका धाग्याचे दोन होतात, दोनाचे चार. हा दगडही तसाच उभा सुटतो. वाखाचा धागा एका जाडीला येऊन थांबतो, हा मात्र डोळ्यांना दिसेनासा झाला तरी आणखी बारीक होत राहतो, केसाच्या शंभराव्या हिश्श्यापर्यंत. जळत नाही, कुजत नाही, त्याच्या काही जाती आम्लालाही फारशी दाद देत नाहीत, वीज वाहून नेत नाही आणि वर स्वस्त. विणता येतो, सिमेंटमध्ये कालवता येतो, पाण्यात भिजवून पाइपांवर थापता येतो. शंभर वर्षं जगानं तो डोक्यावर घेतला, यात नवल नाही.

बांधकामात प्रामुख्यानं तीन जाती वापरल्या गेल्या. पांढरा, म्हणजे क्रायसोटाइल. तपकिरी, म्हणजे अमोसाइट. आणि निळा, म्हणजे क्रोसिडोलाइट. पांढऱ्याचे तंतू कुरळे, बाकी दोघांचे सुईसारखे सरळ. तपकिरी आणि निळा जास्त घातक. म्हणून पांढरा सुरक्षित असं विकणारे सांगत आले. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं सगळ्याच जातींना माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातलंय.

साधी धूळ नाकात गेली तर शरीर ती शेंबडातून, कफातून बाहेर टाकतं. हे तंतू मात्र फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या फुग्यांपर्यंत जातात. तिथल्या सफाई कामगार पेशी त्यांना गिळायला धावतात, पण तंतू पेशीपेक्षा लांब. अर्धा आत, अर्धा बाहेर. पेशी मरते, दुसरी येते, तिचंही तेच. अशी वर्षानुवर्षं धुमसत राहणारी जखम होते. त्यातून फुप्फुस घट्ट आणि निबर होतं, त्याला अ‍ॅस्बेस्टोसिस म्हणतात. फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो, आणि तंबाखूची जोड असेल तर धोका नुसता वाढत नाही, कैकपट होतो. त्यामुळे आजोबांची विडी हा अ‍ॅस्बेस्टॉसच्या बाजूचा पुरावा धरता येत नाही, आजोबा नशीबवान होते एवढंच. तिसरा आजार मेसोथेलिओमा, फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग. हा अ‍ॅस्बेस्टॉसशिवाय क्वचितच होतो आणि त्यातून बरं होणारे जवळजवळ नसतात.

या आजारांना घाई नसते. तंतू आत गेल्यापासून आजार वर यायला साधारण तीस-चाळीस वर्षं लागतात, कधी त्याहून जास्त. म्हणजे "चाळीस वर्षं झाली, काही झालं नाही" हे जिथे आपण निर्धास्तपणे म्हणतो, नेमका तिथूनच हिशोब सुरू होतो. ब्रिटननं निळा आणि तपकिरी १९८५ साली बंद केला, पांढरा १९९९ च्या नोव्हेंबरात. तरी इथे आजही वर्षाला सुमारे ५,००० माणसं अ‍ॅस्बेस्टॉसच्या आजारांनी जातात. त्यांत कारखान्यातले कामगार आहेत, आणि सुतार, प्लंबर, वायरमनही बरेच आहेत. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांत भोकं पाडली, फळ्या कापल्या, ती माणसं. पत्र्याखाली बसणाऱ्यापेक्षा पत्रा कापणाऱ्याला धोका कितीतरी जास्त. गोठ्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे.

आता थोडं रॉचडेलविषयी, कारण या भागात काम करताना ते गाव टाळताच येत नाही. तिथल्या टर्नर ब्रदर्सचा मूळ धंदा सुताचा, लँकशायरमधल्या इतर गिरण्यांसारखाच. १८७९ साली त्यांनी यंत्रमागावर अ‍ॅस्बेस्टॉसचं कापड विणायला घेतलं. सूत कातणाऱ्या बायकाच मग हा दगड कातू लागल्या. त्यांतली एक नेली केर्शॉ. १९२४ साली ती तेहतिसाव्या वर्षी वारली. डॉ. विल्यम कुक यांनी तिच्या फुप्फुसांत खनिजाचे कण पाहिले आणि वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध केलं. अ‍ॅस्बेस्टोसिस हे नावही पुढे त्यांच्याच लेखनातून रूढ झालं. कंपनीनं भरपाई नाकारली. एकीला दिली तर पायंडा पडेल, ही भीती. १९३१ मध्ये कारखान्यांतल्या धुळीवर पहिले नियम आले, पण ते कारखान्याच्या भिंतीआत. तिथून बाहेर पडलेला माल कापणाऱ्या सुताराकडे पुढची कित्येक दशकं कुणी पाहिलं नाही.

हीच कंपनी पुढे टर्नर अँड न्यूऑल झाली आणि तिचे धागे मुंबईपर्यंत आले. घाटकोपरला ब्रेक लायनिंग बनवणारी हिंदुस्थान फेरोडो आणि मुलुंडचा सिमेंट पत्र्यांचा कारखाना याच गटातले. रॉचडेलमधून गाडी नेताना मला लालबाग-परळची चिमणी आठवते ती यामुळेच, नुसत्या विटांच्या रंगामुळे नव्हे.

असो. मुद्द्यावर येतो. जुन्या इमारतीत अ‍ॅस्बेस्टॉस आहे का, यापेक्षा तो कशात आणि कसा अडकलाय हे महत्त्वाचं. चिक्की आणि राजगिऱ्याचा लाडू डोळ्यांसमोर आणा. चिक्कीतला शेंगदाणा पाकात पक्का. तोडल्याशिवाय सुटत नाही. राजगिऱ्याच्या लाडवाला नुसता हात लावला तरी दाणे सांडतात.

सिमेंटचा पत्रा म्हणजे चिक्की. गॅरेजचं छप्पर, पन्हळी, पावसाच्या पाण्याचे नळ, जुनी पाण्याची टाकी, बॉयलरच्या धुराचा पाइप, हे सगळं सिमेंटमध्ये बांधलेलं. अ‍ॅस्बेस्टॉसचं प्रमाण साधारण दहा-पंधरा टक्के. जमिनीवरच्या जुन्या चौकोनी टाइल्स आणि त्यांच्याखालचा काळा डांबरी गोंद, छतावरचा नक्षीदार आर्टेक्सचा लेप, हेही त्याच गोत्रातले.

लाडू म्हणजे बॉयलर आणि गरम पाण्याच्या पाइपांभोवती थापलेलं आवरण, आणि पोलादी तुळयांवर फवारलेला थर. फवाऱ्यात तर अ‍ॅस्बेस्टॉस ८५ टक्क्यांपर्यंत असू शकतो. जुन्या गिरण्यांच्या तळघरात, इस्पितळांच्या बॉयलर खोलीत, शाळेच्या जमिनीखालच्या पाइपांच्या बोळांत हा भेटतो. असल्या बोळात नुसतं चालत गेलं तरी जमिनीवर साचलेली धूळ उठते.

या दोघांच्या मधला प्रकार मला सर्वांत जास्त खटकतो: अ‍ॅस्बेस्टॉसची इन्सुलेटिंग बोर्ड. दिसायला साधी पांढरट फळी. रंग दिलेला असतो, कधी वॉलपेपर चिकटवलेला. आगीपासून बचाव म्हणून ती छताला, पार्टिशनला, दाराच्या आत, जिन्याच्या खालच्या बाजूला, फ्यूज बोर्डाच्या मागे, पाइप झाकायच्या खोक्याला लावत. सहसा तपकिरी अ‍ॅस्बेस्टॉस, आणि बांधणी सैल, हातानंही तुटते. प्लायवुड समजून तिच्यात स्क्रू मारणारे हजारो. दुसऱ्या महायुद्धानंतर इथे झटपट शाळा बांधल्या, तयार पोलादी सांगाडे आणि तयार फळ्या जोडून. नॉटिंगहॅमशायरमधून सुरू झालेली क्लास्प नावाची पद्धत प्रसिद्ध आहे. त्या शाळांत ही फळी भरभरून वापरलीय, आणि मुलं अजून तिथे शिकतायत.

म्हणून कायदा सांगतो, २००० सालाआधी बांधलेली किंवा दुरुस्त केलेली इमारत असेल तर आधी बघा. २०१२ चे अ‍ॅस्बेस्टॉस नियंत्रण नियम दुकानं, कचेऱ्या, शाळा, कारखाने यांच्या मालकांवर आणि फ्लॅटच्या इमारतींमधल्या जिना, लिफ्ट, गच्ची अशा सामाईक भागांवर जबाबदारी टाकतात: अ‍ॅस्बेस्टॉस शोधा, नोंदवा, सांभाळा. स्वतः राहता त्या घराच्या आतल्या बाजूला ही सक्ती नाही. पण तिथे कामाला येणाऱ्या गवंड्या-वायरमनला मात्र नियम लागू आहेत. बोल्टनचा बिल्डर पळाला तो त्यामुळे, आणि त्यानं बरोबर केलं.

सर्व्हे दोन प्रकारचे. पहिला रोजच्या वापरातल्या इमारतीचा. लोक काम करतायत, शाळा भरलीय, आणि आम्ही खोलीखोलीतून फिरतो. हाताला लागेल, पाय मारला तर तुटेल, वायरमन उघडेल एवढं सगळं पाहतो. भिंती फोडत नाही. दुसरा मोडतोडीआधीचा. यात ज्या भागाचं काम होणार तो भाग रिकामा करून घेतात आणि आम्ही भिंतीत भोक पाडतो, जमिनीच्या फळ्या उचलतो, छताच्या वर डोकं घालतो. लोक पहिल्याचा अहवाल दाखवून दुसरं काम उरकू पाहतात, आणि अपघात होतात ते इथेच. रोजच्या वापराच्या सर्व्हेत भिंतीच्या पोटात काय आहे ते पाहिलेलंच नसतं.

नमुना घेणं हे काम सुईच्या टोकाएवढं, पण त्याची तयारी लग्नाएवढी. आधी आजूबाजूचे लोक बाहेर. तोंडावर मास्क, पण मेडिकलमध्ये मिळणारा कापडी नाही. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर बरोबर बसतो का हे तपासून दिलेला. दाढी वाढवली असेल तर तो बसतच नाही, म्हणून माझ्या धंद्यात गणपतीतही गुळगुळीत दाढी. मग खाली प्लास्टिक, त्या जागेवर पाण्याचा फवारा, शेजारी खास गाळणीचा व्हॅक्यूम चालू, आणि नखाएवढा तुकडा काढून पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. पडलेल्या खड्ड्यावर लेप. प्रयोगशाळेत तो तुकडा ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. तंतूच्या रंगछटा आणि चमक यांवरून जात कळते. नुसत्या डोळ्यांनी कुणी छातीठोकपणे "हा अ‍ॅस्बेस्टॉस नाही" म्हणत असेल तर त्याच्याकडून सर्व्हे करून घेऊ नका. आम्हीही म्हणत नाही. शंका असेल आणि नमुना घेता येत नसेल, तर आहे असंच धरायचं.

मग गुण द्यायचे. वस्तू कुठल्या प्रकारची, किती तुटलीय, वर रंग किंवा लेप आहे का, आणि जात कोणती. प्रत्येकाला जास्तीत जास्त तीन, एकूण बारा. दहा किंवा जास्त आले तर प्रकरण गंभीर, चार किंवा कमी तर किरकोळ. पण हे गुण वस्तूचे झाले. माणसांचा हिशोब वेगळा करावा लागतो. वर्षातून एकदा उघडल्या जाणाऱ्या खोलीतली फळी आणि शाळेच्या व्हरांड्यात रोज फुटबॉलचा मार खाणारी तीच फळी, कागदावर सारखी दिसली तरी सारखी नसते.

एक गोष्ट मी ग्राहकांना नेहमी सांगतो. अहवाल हातात आला की आधी शेवटची पानं बघा, जिथे "पाहता आलं नाही" अशा जागांची यादी असते. कुलूप होतं, सामान होतं, शिडी पुरली नाही. ही यादी लांबलचक असेल तर तुम्ही पैसे देऊन अर्धा सर्व्हे घेतलाय.

सापडलं, आता काढून टाका, असं बहुतेकांना वाटतं. आम्ही बऱ्याचदा उलट सांगतो. शाबूत आणि हाताच्या आवाक्याबाहेरची वस्तू असेल तर तिथेच राहू द्या. वर लेप द्या, खूण चिकटवा, नोंदवहीत लिहा, ठरावीक काळानं बघत राहा आणि येणाऱ्या प्रत्येक कारागिराला ती वही दाखवा. शाबूत पत्रा उगाच ओढून काढताना जेवढे तंतू उडतात तेवढे तो गप्प बसला असता तर दहा वर्षांत उडाले नसते. अर्थात यात पळवाट आहे हेही खरं. "सांभाळतोय" म्हणत वही कपाटात ठेवून देणारे मालक मी पुष्कळ पाहिलेत. वायरमनला वही दाखवली नाही तर ती रद्दीच.

काढायचंच झालं, आणि लाडू किंवा ती मधली फळी असेल, तर परवानाधारक कंपनीच लागते. आरोग्य आणि सुरक्षा खात्याला चौदा दिवस आधी कळवावं लागतं. खोलीच्या आत जाड प्लास्टिकची दुसरी खोली उभी करतात. तिला पंखा लावून आतली हवा गाळणीतून बाहेर खेचतात, म्हणजे आत दाब कमी राहतो. एखादी फट राहिलीच तर बाहेरची हवा आत जाते, आतली बाहेर येत नाही. काम सुरू करण्याआधी आत धूर सोडून बघतात, कुठून झिरपतोय का. आत जायला तीन कप्प्यांचा दरवाजा, बाहेर न्हाणीघराची गाडी. कामगार एका टोकाला कपडे टाकतो, मध्ये आंघोळ करतो, दुसऱ्या टोकाला स्वतःचे कपडे घालून बाहेर पडतो. दर वेळी, जेवायला जातानाही. माल ओला करूनच सोडवतात, कोरडा कधीच नाही. मग लाल पिशवीत, आणि ती पारदर्शक पिशवीत.

काम संपलं की तपासणी चार टप्प्यांत होते. आधी कागदपत्रं आणि आजूबाजूची जागा, मग आत गुडघ्यावर बसून टॉर्चनं कानाकोपरा, मग हवा. हवा घेताना तपासनीस मुद्दाम आत ब्रशनं झाडतो, धूळ असेलच तर उठावी म्हणून. दर मिलिलिटर हवेत ०.०१ पेक्षा कमी तंतू आले तरच पुढे. शेवटी प्लास्टिक उतरवल्यावर पुन्हा एकदा नजर. मगच खोलीत परत जायचा दाखला. एवढ्या सोहळ्यानंतर तो माल जातो कुठे? खड्ड्यात. परवाना असलेल्या जागी पुरतात. जळत नाही म्हणून तर त्याला डोक्यावर घेतलं होतं, आता त्याच गुणामुळे पुरण्यावाचून इलाज नाही.

सिमेंटच्या पत्र्याला एवढं लागत नाही. परवाना नको, पण माहीतगार माणूस हवा. ओला करायचा, स्क्रू काढून अख्खाच्या अख्खा उतरवायचा, प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा. इथल्या बऱ्याच कौन्सिलांच्या कचरा केंद्रांवर घरमालकाला तो ठरावीक दिवशी नेऊन देता येतो. नियम गावागणिक वेगळे, आधी विचारावं.

आता महाराष्ट्राकडे. भारतात अ‍ॅस्बेस्टॉसच्या नव्या खाणींना परवाने देणं केव्हाच थांबलं, पण आयात चालू आहे आणि तिच्यातून मुख्यतः पत्रेच बनतात. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं या उद्योगातल्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान चाळीस वर्षं ठेवायचा आदेश दिला. चाळीस हा आकडा कुठून आला ते वर वाचलंच असेल. पण तो आदेश कारखान्यातल्या कामगारांचा. चाळ पाडताना पत्र्यावर घण घालणारा मजूर, फुटलेले तुकडे उकिरड्यावरून उचलणारी बाई, पत्र्याला ग्राइंडर लावून खिडकीचं भोक पाडणारा फॅब्रिकेटर, यांची नोंद कुणी ठेवत नाही. जुन्या इमारतीत अ‍ॅस्बेस्टॉस कुठे आहे याची वही ठेवायची सक्तीही आपल्याकडे नाही. पुनर्विकासाच्या सभेत पार्किंग आणि कार्पेटवर चार तास भांडण होतं, पत्रा कसा उतरवणार हा प्रश्न कुणी विचारलेला मी तरी ऐकलेला नाही.

बोल्टनच्या घराचा निकाल चार दिवसांनी आला. गॅरेजचा पत्रा पांढऱ्याचा, अपेक्षेप्रमाणे. स्वयंपाकघराचं प्लास्टर स्वच्छ. पण त्याच भिंतीच्या कोपऱ्यात पाइप झाकणारं एक उभं खोकं होतं, वरून फुलांचा वॉलपेपर लावलेलं, ज्याच्यावर त्यानं महिनाभरापूर्वी मसाल्यांची मांडणी अडकवायला चार भोकं पाडली होती. ते तपकिरी निघालं. भोकं आठवून त्याचा चेहरा पडला. चार भोकांनी आयुष्याचा निकाल लागत नाही, धोका एकूण किती श्वासात गेलं त्यावर वाढतो, हे मी त्याला सांगितलं आणि ते खरं आहे. मांडणी मात्र तशीच राहू दे म्हटलं, माणसं येईपर्यंत स्क्रूला हात लावू नकोस.

मग त्यानं गोठ्याचं विचारलं. वडील यंदा तो पत्रा बदलणार होते, माणूस ठरला होता, कटर घेऊन येणार होता. मी म्हटलं, कटर नको. हूक गंजलेत तर हूकच कापा, पत्रा नाही. पाइपानं पाणी मारत राहा, दोघांनी धरून अख्खा खाली घ्या, ताडपत्रीत बांधा, आणि तुकडे रस्त्याच्या खड्ड्यात भर म्हणून टाकू देऊ नका. त्यानं तिथल्या तिथे घरी फोन लावला. पलीकडून वडील बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, पाणी मारायचं तर विहिरीला आहे तोवर उरकून घेऊ, पण माणसाला दिलेला इसार परत मिळणार नाही, तो तू पाठव.